किनाऱ्यावरच्या शहरात मदतनिधीची रॉक कॉन्सर्ट: तयारीची यादी

पहिलं काम बँडला फोन करण्याचं नाही. पैसा नेमका कशासाठी उभा करायचा, ते आधी लिहून काढायचं. 'पूरग्रस्तांना मदत' एवढ्यावर भागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं आणि माणसं वरच्या मजल्यांवर अडकून पडली. अशा वेळी शहरात आधीपासून काय तयार हवं याची यादी करता येते: रबरी होड्या, त्यांची इंजिनं, लाइफ जॅकेटं, दोर, बिनतारी संच. प्रत्येक वस्तूचं कोटेशन घ्या. ती कोणाच्या ताब्यात राहणार, दर पावसाळ्याआधी तिची तपासणी कोण करणार, हेही ठरवा. या सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचं उद्दिष्ट. पोस्टरवर तीच रक्कम छापा.

दुसरं काम खर्चाचं. स्टेज, साऊंड, जनरेटर, मंडप, राहणं-जेवण हा सगळा खर्च प्रायोजकांकडून वसूल होईल अशी लेखी हमी हातात आल्याशिवाय तिकीट विक्री सुरू करू नये. तिकिटाचा रुपया मदतीला जाणार असं लोकांना सांगायचं असेल, तर तो जनरेटरच्या डिझेलात जाता कामा नये. मदतीच्या कार्यक्रमांत गर्दी झाली, टाळ्या झाल्या आणि हाती काही उरलं नाही, असं होतं ते इथेच चुकल्यामुळे.

निधी गोळा करणारी संस्था नोंदणीकृत हवी. नसेल, तर गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१क खालची परवानगी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आधी काढावी लागते. 'आधी' या शब्दाला किती वजन आहे ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. १ ऑगस्ट १९७१ ला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन खेळ केले. तिकिटांचा पैसा युनिसेफकडे गेला, पण पुढे रेकॉर्ड आणि चित्रपटातून आलेला मोठा पैसा करसवलतीचे कागद वेळेत न झाल्यामुळे कित्येक वर्षं अडकून राहिला. म्हणून चार महिने आधी सीए बसवा. तिकिटाचा पैसा आणि देणगीचा पैसा वेगळा ठेवा, पावती पुस्तकंही वेगळी. तिकिटाच्या बदल्यात माणसाला कार्यक्रम मिळतो, त्यामुळे तिकिटाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे. संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी नाही, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे पाठ हवेत.

आता तारीख. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि मैदान ओलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, त्यानंतर शिमगा. ख्रिसमसच्या आठवड्यात पर्यटकांमुळे खोल्या मिळत नाहीत आणि पोलीस किनाऱ्यांवर अडकलेले असतात. उरतात नोव्हेंबरचा उत्तरार्ध, डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आणि जानेवारी. मालवण-कुडाळकडे असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी बघा. ती दरवर्षी कौल लावून ठरते आणि त्या दिवसांत एसटी, जनरेटर, बंदोबस्त सगळं तिकडे वळलेलं असतं.

मैदान निवडताना टेप घेऊन जा. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, आणि आपल्याकडची बरीच मैदानं शाळेला लागूनच आहेत. पाच हजार माणसं धरली आणि चौरस मीटरला दोन असा हिशेब केला, तर नुसतं उभं राहायला पंचवीस गुंठे मोकळी जागा लागते. स्टेज, साऊंड मिक्सरचा मंडप, स्टॉल, रुग्णवाहिकेची वाट हे सगळं त्याशिवाय. नगरपरिषदेचा ना हरकत दाखला, पोलिसांची परवानगी आणि ध्वनिक्षेपक परवाना, अग्निशमन विभागाची तपासणी, स्टेजच्या स्थैर्याचा इंजिनिअरचा दाखला, विद्युत निरीक्षकाची तपासणी आणि गाण्यांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना असे हे कागद. बँड दुसऱ्यांची गाणी वाजवणार असतील तर शेवटचा कागद टाळता येत नाही. सगळ्या अर्जांना एकच नकाशा जोडा. प्रत्येक कचेरीत वेगळा नकाशा गेला की ऐन वेळी एका दाखल्यातलं गेट दुसऱ्यात सापडत नाही.

स्टेजची दिशा ठरवताना वाऱ्याचा विचार करा. संध्याकाळपर्यंत खारे वारे समुद्राकडून गावाकडे वाहतात, रात्री ते पडतात आणि मतलई वारे उलट दिशेने सुरू होतात. स्टेजची पाठ समुद्राकडे ठेवली तर मावळतीचा सूर्य प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो आणि पहिल्या दोन तासांचा आवाज वाऱ्याबरोबर थेट वस्तीत शिरतो. तोंड समुद्राकडे ठेवलं तर आवाज वस्तीपासून दूर जातो. मात्र वारा समोरून येत असल्यामुळे मागच्या रांगांना झांजांचा आणि शब्दांचा बारीक आवाज कमी पोचतो. तरीही दुसरा पर्यायच घ्यावा. मागच्या रांगांसाठी जास्तीचे स्पीकर लावता येतात, वस्ती हलवता येत नाही. साऊंडची जुळवणी मात्र भर दुपारी उरकू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला आणि पुन्हा साडेआठला ऐका.

स्टेज ४० बाय ३२ फूट आणि पाच फूट उंच असेल तर चार-पाच बँडांना पुरतं. खरी अडचण खालच्या जमिनीची. कातळावर वीतभर माती असते, खुंटी तिच्यात उभी राहते आणि ओढ बसली की उपसून येते. म्हणून छपराच्या प्रत्येक टॉवरला वजन द्यायचं. लोखंडी पिंजऱ्यातली हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. टाकी दोराने नुसती बांधू नका, टॉवरच्या पायाशी जोडलेल्या चौकटीवर बसवा, नाहीतर ती गुळगुळीत कातळावर सरकते. किती टन लागेल हा आकडा ट्रस, म्हणजे छपराचा धातूचा सांगाडा, पुरवणाऱ्याच्या इंजिनिअरकडून लेखी घ्या. छप्पर किती वेगाच्या वाऱ्याला खाली आणायचं हा दुसरा आकडाही त्याच कागदावर हवा. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र छपराच्या उंचीवर लावा आणि ते वाचायला एकच माणूस नेमा. 'थांबवा' म्हणण्याचा अधिकार त्याला हवा. पाठीमागे सलग फ्लेक्स लावू नका. ४० बाय २० फुटांच्या फ्लेक्सवर ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे एक टनाचा रेटा येतो आणि तो सगळा ट्रसवर पडतो. जाळीचा फ्लेक्स घ्या. बेड्या (शॅकल), साखळ्या, वायर दोर एकेक करून हातात घेऊन बघा. खाऱ्या हवेत वर्षभर उघड्यावर पडलेल्या बेडीचा आटा गंजून अर्धा झालेला असतो आणि वरून रंग मारलेला असतो.

विजेवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. साऊंडला १२५ केव्हीएचा एक जनरेटर, लाइटला १२५ चा दुसरा, आणि तेवढ्याच ताकदीचा तिसरा राखीव, केबल जोडून तयार. साऊंड आणि लाइट एकाच जनरेटरवर घेतले तर स्पीकरमधून गुणगुण येते. जनरेटरवर त्याच्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशांपेक्षा जास्त भार टाकू नका. एवढ्या भाराला ताशी वीस ते पंचवीस लिटर डिझेल धरा आणि टाकी चाचणीनंतर, यंत्र थंड असताना भरा. न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन अशा स्वतंत्र अर्थिंग हव्यात. सुकलेला जांभा वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे कातळात ठोकलेली लोखंडी सळी म्हणजे अर्थिंग नव्हे. खड्डा घेऊन मीठ-कोळशाची किंवा केमिकल अर्थिंग करा, पाणी घाला, आणि अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या खाली आकडा येईपर्यंत पुढचं काम थांबवा. दिवसभराच्या उन्हात खड्डा सुकतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता पुन्हा पाणी आणि पुन्हा माप.

गिटारच्या तारांवर हात असताना मायकला ओठ लागला आणि झटका बसला, हा अपघात अनेकदा एकाच कारणाने होतो: गिटारचा अँप एका जोडणीवर, मिक्सर दुसऱ्या, आणि दोघांची अर्थिंग वेगळी. स्टेजवरचा प्रत्येक प्लग साऊंडच्याच बोर्डावरून घ्या आणि त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवा. ती सारखी पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधा. आरसीसीबी काढून थेट जोडणाऱ्याला त्या क्षणी कामावरून दूर करा.

दहिवर हा आपल्या किनाऱ्यावरचा पाहुणा रात्री आठनंतर येतो. मिक्सर उघड्यावर असेल तर बटणांवर थेंब जमतात. त्यामुळे त्याला वरून मंडप हवाच. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत बाष्प साचतं. स्टेजच्या प्लायवर रबरी मॅट टाका, आणि केबलचे जोड जमिनीवर न ठेवता विटेवर उचलून ठेवा.

आवाजाची मर्यादा कळायला हिशेब करून बघा. मिक्सरपाशी, २५ मीटरवर, १०० डेसिबल वाजत असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर सहा डेसिबल उतरतात. म्हणजे ५० मीटरवर ९४ आणि १०० मीटरवर ८८. नियम सांगतो की सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल ते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे हद्दीवर फक्त ६५. एका जागी प्रचंड वाजवून हे जमणार नाही. मुख्य स्पीकर खाली झुकवा, बेस मागे जाणार नाही अशी सबवूफरची मांडणी करून घ्या, आणि मागच्या लोकांसाठी ४० मीटरवर दोन छोटे टॉवर उभारा. आपल्या हवेत आवाजाला मीटरमागे साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, तेव्हा त्या टॉवरना ११६ अधिक दहा-पंधरा मिलिसेकंदांचा उशीर द्या, नाहीतर मागे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हद्दीवर मीटर घेऊन एक माणूस उभा करा आणि त्याच्या हातात वॉकीटॉकी द्या. आकडा तरीही उतरत नसेल तर मिक्सरवरचा आवाज उतरवा.

ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. बारापर्यंतची सूट सरकार वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकतं आणि ते दिवस बहुतेक सणांना जातात. लंडनच्या हाइड पार्कमध्ये जुलै २०१२ मध्ये वेळ उलटली म्हणून ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी यांचे मायक बंद केले गेले, तेव्हा आपल्याला सवलत मिळेल असं धरून चालू नका. पाच बँड, प्रत्येकी ३५ मिनिटं, मधल्या चार बदलांना १५ मिनिटं: पावणेसहाला सुरू केलं की नऊ-चाळीसला संपतं. हे जमायचं तर ड्रमसेट, दोन गिटार अँप आणि एक बेस अँप सर्वांना सामाईक ठेवा. ड्रमरने फक्त स्नेअर, झांजा आणि पेडल आणायचं. 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या कार्यक्रमात १९८५ मध्ये वादकांना वेळ कळावी म्हणून स्टेजवर सिग्नलचे दिवे लावले होते. हिरवा, पिवळा, लाल असे तीन बल्ब मॉनिटरशेजारी (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरशेजारी) लावायला काहीच खर्च नाही. त्याच कार्यक्रमात मॅकार्टनींचा मायक पहिली दोन मिनिटं बंद होता, म्हणून प्रत्येक बदलात प्रत्येक मायकमध्ये कोणीतरी प्रत्यक्ष बोललंच पाहिजे.

स्टेजपुढे बांबूचा कठडा नको. गर्दी रेटते तेव्हा तो मोडतो आणि टोकं अंगात घुसतात. ज्याच्या पट्टीवर प्रेक्षक स्वतःच उभे राहतात आणि आपल्याच वजनाने त्याला धरून ठेवतात, असा लोखंडी बॅरिकेड लावा. त्याच्या आणि स्टेजच्या मध्ये दोन मीटर मोकळी जागा असू द्या, म्हणजे घुसमटलेल्याला तिथे ओढून घेता येतं. पुढच्या भागात चौरस मीटरला चार माणसं दिसू लागली की गाणं थांबवून लोकांना मागे घ्या. पाचाच्या वर माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. सपाट वाटेने मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८२ माणसं बाहेर पडतात. तीन मीटरची चार गेटं ठेवलीत आणि एक अडलं, तरी उरलेल्या नऊ मीटरमधून पाच हजार लोक सात मिनिटांत निघतात. गेटांना कुलूप लावू नका आणि चहाची गाडी गेटासमोर लावू देऊ नका.

बायकांसाठी शंभरामागे एक शौचालय, पुरुषांसाठी पाचशेमागे एक आणि दीडशेमागे एक मुतारी. पिण्याचं पाणी माणशी लिटरभर. गवत दोन आठवडे आधी कापून पायवाटांवर दिवे लावा, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा. एसटी आगाराला जादा गाड्यांसाठी महिनाभर आधी पत्र द्या.

देणगीच्या काउंटरवर हमखास एकच घोळ होतो: पाच हजार मोबाइल एका टॉवरवर आले की यूपीआय चालत नाही. लोक खिशात फोन घेऊन उभे असतात, देण्याची इच्छा असते, आणि चक्र फिरत राहतं. काउंटरवर फायबरची जोडणी आणि वायफाय घ्या. तेही पडलं तर नाव, नंबर, रक्कम लिहायची छापील कार्डं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा, कोणा कार्यकर्त्याचा नको. त्यावर दुसरा स्टिकर चिकटवला गेला नाही ना, हे तासातासाला बघा. पेट्यांना नंबर आणि सील, आणि मोजणी त्याच रात्री सीए व दोन विश्वस्तांसमोर.

दुसऱ्या दिवशी टाक्यांचं पाणी मैदानाकडेच्या झाडांना सोडा, अर्थिंगचे खड्डे बुजवा, खिळे चुंबकाने वेचा, आणि नगरपरिषदेच्या माणसाला मैदान दाखवून अनामत परत मिळण्यासाठी त्याची सही घ्या. जमा-खर्चाचा ताळेबंद पंधरा दिवसांत प्रसिद्ध करा. खरेदीची बिलं आणि होड्यांचे अनुक्रमांक त्याच कागदावर लावा, मग तो मैदानाच्या गेटावर आणि प्रायोजकांच्या दुकानांत डकवा.