घरात सगळ्यांनी मिळून जुनं पुस्तक मोठ्याने वाचायचं तर

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्यासारख्या घरांत पोरं शाळेत हिंदी-इंग्लिश वाचतात, मराठी नुसती बोलतात, म्हणून जुनं मराठी पुस्तक काढायला लोक घाबरतात आणि सोपी करून लिहिलेली गोष्ट आणतात. नका आणू.

गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून सुरू करा. 1857 ची धामधूम, झाशीचा वेढा, आपलं ग्वाल्हेर, सगळं तिथे जाऊन आलेल्या माणसाने सांगितलेलं. 1907 ची आवृत्ती चिं. वि. वैद्यांनी हात फिरवून काढलेली आहे, मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये छापला. लहान मुलं असतील तर वैद्यांची चालेल, तिची भाषाही काही आजची नाही.

जेवणं झाली की वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत.

खरी अडचण वाक्यांची. जुन्या गद्यात माणूस उठून, स्नान करून, अमक्याला भेटून, सामान बांधून मग कुठे निघतो, आणि तोवर वाचणाऱ्याचा दम संपलेला असतो. मुलं ओळ संपली की आवाज खाली टाकतात, ऐकणाऱ्याला वाटतं वाक्य संपलं, पुढचा अर्धा भाग लोंबकळत राहतो आणि सगळे म्हणतात पुस्तकच अवघड आहे. आमचीही गाडी इथेच अडायची. यावर पेन्सिलीशिवाय उपाय नाही. ज्याची पाळी असेल त्याने दुपारीच पानं बघून ठेवायची, आधी वाक्याचं शेवटचं क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची, मग प्रत्येक 'करून', 'घेऊन'च्या पुढे बारीक उभी रेघ. उभ्या रेघेवर श्वास घ्यायचा पण आवाज वरच ठेवायचा, तो खाली येईल फक्त शेवटच्या क्रियापदावर. पानं न बघता कुणीही वाचायला बसायचं नाही, मग ते आजोबा का असेनात.

आणि मधेच थांबून शब्दांचे अर्थ सांगू नका, हे हात जोडून सांगते. आधी शब्दांची यादी पाठ करून घ्या म्हणणारे मुलांसोबत कधी बसलेलेच नसतात. परिच्छेद पुरा होऊ द्या, बरेच शब्द आपोआप उलगडतात, उरलेले दुसऱ्या दिवशी मोल्सवर्थच्या कोशात बघा, त्याची दुसरी आवृत्ती 1857 चीच आहे म्हणून त्या काळचे शब्द तिथे छान सापडतात, आणि अर्थ इंग्लिशमध्ये असल्याने पोरं स्वतःच शोधतात.

'चांगला'तला च हिंदीसारखा आला तर टोकू नका, तीच ओळ आजीने एकदा परत वाचावी, बस.

झाशीचा भाग झाला की रविवारी फूलबागेत राणीच्या समाधीवर घेऊन जा, वाचायच्या आधी नको.

पुढे दासबोध घ्या. 7751 ओव्या ऐकून दचकू नका, 200 समास, म्हणजे छोटी प्रकरणं, आहेत, म्हणजे एका समासात सरासरी 39 च्या आसपास, रोज एक समास आरामात होतो. फक्त मुलं ओवीला दोह्याची चाल लावतात, ती पहिल्याच दिवशी मोडा. चौथा छोटा चरण आला की थांबायचं, पण अर्थ पुढच्या ओवीत गेला असेल तर दोन्ही एका दमात वाचायच्या.