वाढत्या धंद्याचे दप्तर : सुरुवात आजच्या बिलापासून

इंदूरच्या सियागंज बाजारातून किराणा उचलून घरी शेव-चिवडा करणाऱ्या कुटुंबाचा हिशेब दहा गिऱ्हाइके असेपर्यंत तोंडपाठ राहतो. तीच संख्या शंभरावर गेली की निम्मी माहिती वहिनींच्या मोबाइलमध्ये, काही डिलिव्हरीच्या मुलाच्या खिशातल्या चिठ्ठीवर आणि उरलेली मालकाच्या डोक्यात अडकून पडते. इंदूरच्या मराठी घरांतले असे धंदे मी जवळून पाहिले आहेत, आणि विक्री वाढूनही हातात पैसा का उरत नाही, याचे उत्तर बहुधा याच विस्कळीतपणात सापडते.

साचलेला जुना गठ्ठा आधी उपसू नये, कारण त्यातच उमेद संपते. आजच्या तारखेपासून रोजकीर्द सुरू करावी, म्हणजे जे घडले ते त्याच दिवशी, एकाच ठिकाणी, बिल क्रमांक, नाव, रक्कम आणि रोख की उधार या तपशिलासह लिहावे. खात्यावार खतावणी, म्हणजे प्रत्येकाच्या नावाखाली नोंदी वेगळ्या काढणे, आता सॉफ्टवेअर आपोआप करते. रोजकीर्द मात्र माणसालाच भरावी लागते, म्हणून ते काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे सोपवावे.

विक्रीच्या बिलांचे क्रमांक सलग असावेत. जीएसटीच्या नियमानुसार क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात दुबार येऊ नये; त्यामुळे दोघे जण बिले फाडत असतील, तर प्रत्येकाच्या मालिकेला वेगळे आद्याक्षर द्यावे.

खरेदीच्या बिलांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण जीएसटीच्या नियमित योजनेत कर भरणाऱ्याचे नुकसान तिथेच होते. बिल हाती येताच फोटो काढून त्याला तारीख आणि व्यापाऱ्याचे नाव द्यावे, आणि दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या २बी विवरणाशी, म्हणजे व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, ही बिले ताडून पाहावीत. व्यापाऱ्याने आपले बिल दाखवलेच नसेल, तर लगेच फोन करावा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर उलटला, की त्या बिलावरचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत, गेलेच.

खाद्यपदार्थांच्या प्रत्येक घाण्याला लॉट क्रमांक देऊन त्यापुढे बेसन आणि तेलाच्या बिलाचा क्रमांक लिहावा. शेव खवट निघाल्याची तक्रार आली, तर नेमकी कोणती पाकिटे परत बोलवायची हे त्यावरून कळते.

महिनाभर हे नीट चालल्यावरच जुन्या गठ्ठ्याला हात घालावा आणि चालू वर्षाची खरेदीबिले आधी लावावीत. मागच्या वर्षांची कागदपत्रे वर्षवार बांधून ठेवावीत, कारण वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ती सांभाळणे कायद्याने बंधनकारक आहे.