नंबर 4 (टी) खरी की बनवलेली? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये जुन्या ली-एन्फिल्ड रायफली जमवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून फोन एकच येतो : "काका, स्नायपर मिळतेय, घेऊ का?" फोटो पाठव म्हटलं की पोरगं दुर्बिणीचा फोटो पाठवतं. रायफलीचा नाही. चूक तिथूनच सुरू होते.

नंबर 4 (टी) म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल, मुळात साधीच थ्री-नॉट-थ्री. कारखान्यातल्या चाचणीत ज्यांचा नेम उत्तम लागला, त्या वेगळ्या काढायच्या आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवायच्या. तिथे 1942 पासून 23,000 हून अधिक रायफलींवर दुर्बीण बसवायचे धातूचे पॅड आणि गाल टेकवायचा लाकडी तुकडा बसला. साध्या रायफलीवर वरून काम केलं की स्नायपर तयार, हे नकली माल बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

दुर्बीण खरी, म्हणून रायफल खरी. नाही हो. या रायफलीची नंबर 32 दुर्बीण सुटी मिळते, तिला रायफलीवर धरणारे ब्रॅकेट तर नवेसुद्धा बनतात. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो आणि रायफलीचा नंबर ब्रॅकेटवर. दोन्ही जुळवून पाहा. जुळले नाहीत तरी लगेच नाक मुरडू नका. सैन्यात दुर्बीण बदलली की जुना नंबर खोडून शेजारी नवा ठोकत. मला तर सगळे नंबर अगदी चोख जुळले की जास्त धाकधूक होते. मग मी भिंग काढतो. जुन्या ठशाच्या खाचेत तेल-मळ बसून लाकडाचाच रंग आलेला असतो. नव्या ठशात तंतू ताजे चेपलेले दिसतात आणि खाच उजळ असते.

गोष्ट विकत घेणं. ही चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका विक्रेत्याने माझं आडनाव ऐकलं आणि म्हणाला, ही रायफल 1944 च्या उन्हाळ्यात इटलीत एका मराठा जवानाच्या हातात होती. झालं! मराठा लाइट इन्फन्ट्री, टायबरचं खोरं, 10 जुलै 1944 ला तिथे लढताना पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. साध्या रायफलीच्या पाचपट पैसे मोजले. घरी आणून दिव्याखाली धरली, तर बट सॉकेटच्या, म्हणजे दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी भागाच्या, डाव्या बाजूला बीएसए शर्ली या कारखान्याचा कोड एम-47-सी आणि खाली साल 1945. जी रायफल 1944 मध्ये जन्मलीच नव्हती, ती टायबरकाठी काय करणार? पुढे एकेक उलगडत गेलं. निवड झाल्याची टीआर ही खूण खरी होती. पण निवड होऊनही रूपांतर न झालेल्या रायफली असतात, ही त्यांतलीच. बॉडीच्या डाव्या भिंतीवरचा टी, म्हणजे स्नायपर झाल्याची खूण, मागाहून कुणीतरी ठोकलेला. अक्षराच्या कडेला धातू उचललेला होता आणि आतला तळ चकचकीत. दस्त्याच्या खालच्या बाजूला हॉलंड अँड हॉलंडचा कोड एस-51 शोधला, तोही नाही. नुसता एस-51 नसला म्हणून रायफल नकली ठरत नाही. दस्ते बदलले जायचे, आणि सुरुवातीच्या काही रायफलींचं रूपांतर एन्फिल्डच्या कारखान्यातच झालं होतं. पण 1945 च्या शर्लीवर हे सगळं एकत्र आलं की बोलायला काही उरत नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. चेंबर रिकामं आहे ना ते पाहायचं, मग साल आणि कारखाना, मग टी, मग मागची साइट. ती उभी-आडवी करताना दुर्बिणीला अडू नये म्हणून जवळच्या पल्ल्याचं भोक असलेला भाग घासून काढलेला असतो. नकली माल बनवणारे हे पुष्कळदा विसरतात. दुर्बीण सगळ्यात शेवटी. तोवर विक्रेत्याने तोंड उघडलं की मी चहा मागतो.

घासूनपुसून 'नवी' करणं. याने माझं डोकंच फिरतं. एका नवख्याने रायफल घेतली, त्याच रविवारी दस्त्याला पॉलिश पेपर मारला आणि सोमवारी विचारतो, मानेवरचा नंबर वाचता येत नाही, काय करू? आता काय करणार! ओळखपत्र स्वतःच्या हाताने पुसलंस. सुती फडकं आणि जवसाचं तेल, याच्या पुढे मी जात नाही. घाई असेल तर हा छंद सोडा, पोस्टाची तिकिटं जमवा.

पॅड काढून बघणं. नका काढू. स्क्रू हलू नयेत म्हणून ठोकून पक्के केलेले असतात. ती ठोकण जुनी आहे का, एवढं बाहेरूनच दिसतं.

रायफलीसोबतच्या पेटीवर भिस्त. झाकणाच्या आतल्या कागदावर रायफल आणि दुर्बीण दोन्हींचे नंबर असतात. कागद नवा छापता येतो.

परवाना नंतर बघू म्हणणं. इथे सर्टिफिकेटशिवाय हात लावू नका. भारतातल्या मित्रांनो, तिकडे 303 प्रोहिबिटेड बोअर आहे, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, तेव्हा मला विचारू नका.

माझी ती 1945 ची अजून कपाटात आहे. नेम उत्तम लागतो, निवड खोटी नव्हतीच. विकायची म्हटली तर मी खरं काय ते सांगतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की जणू टी मीच ठोकला.