माछेर झोल बिघडतो कुठे? या चुका टाळा

बंगाली झोल मराठी घरात फसतो, त्याचं मुख्य कारण म्हणजे हात सवयीनं कालवणाकडे वळतो. खोबऱ्या-लसणाचं वाटण, कोकम, लाल तिखट, दाट रस्सा हे सगळं कालवणाला शोभतं, झोलाला नाही. रोजचा माछेर झोल पातळ, पिवळसर, बटाट्याच्या लांब फोडी घातलेला असतो. त्याची चव येते मोहरीच्या तेलातून, मासा तळताना तेलात उतरलेल्या अर्कातून आणि आलं-जिऱ्याच्या थोड्याशा वाटणातून. वाटण दुप्पट केलं तर चव वाढत नाही, रुईसारखा (म्हणजे रोहूसारखा) सौम्य मासा मात्र त्यात हरवतो.

खालची मापं चार जणांसाठी आहेत: रुई किंवा कातला 600 ग्रॅम (सहा तुकड्या), मध्यम बटाटे 2, मोहरीचं तेल 5 मोठे चमचे, जिरे 1 लहान चमचा, आलं एक इंच, हळद 1 लहान चमचा, कलौंजी पाव लहान चमचा, हिरव्या मिरच्या 4-5, गरम पाणी 600 मिली आणि मीठ.

मासा घेताना

पाऊण-एक किलोची रुई स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यात काटे जास्त आणि मांस पाणचट असतं. दीड ते अडीच किलोचा मासा घ्यावा. अख्खा नको असेल तर मोठ्या माशाच्या तुकड्या मागाव्यात. सुरमईच्या सवयीनं विक्रेता पातळ चकत्या कापायला घेतो, त्याला आधीच थांबवा. झोलाची तुकडी दोन सेंटीमीटर जाड हवी, नाहीतर तळून रश्शात उकळेपर्यंत तिचा चुरा होतो. मोठा मासा बंगालमध्ये आधी लांबीत दुभागतात, त्यामुळे पाठीचा भाग (गादा) आणि पोटाचा भाग (पेटी) वेगळे होतात. गाद्यात वाय आकाराचे बारीक काटे भरपूर असतात. पेटीत काटे मोठे, कमी आणि मांस चरबीदार. घरात मुलं असतील किंवा नदीच्या माशाची सवय नसेल तर पेटीच मागावी. डोकं टाकून देऊ नका, भाजलेल्या मूगडाळीत ते फार छान लागतं.

मासा चिखलासारखा वासतो ही तक्रार गोड्या पाण्याच्या माशाबद्दल नेहमीची. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. तळ्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे ते पाण्यात तयार होतं आणि माशाच्या अंगात मुरतं. मसाला वाढवून ते झाकलं जात नाही. पोटाच्या आतलं काळं पातळ आवरण बोटानं खरवडून काढा, कण्याला चिकटलेलं रक्त धुऊन टाका. तरीही वास राहिला तर लिंबाचा रस चोळून पाच मिनिटं ठेवा आणि स्वच्छ धुवा, आंबटामुळे तो वास बराच मोडतो. साफ करताना पित्त फुटलं असेल तर मात्र लिंबाचा उपयोग नाही. हिरवट डाग पडलेला भाग कापूनच टाकावा लागतो.

रुई नको असेल तर आपल्या बाजारात सरळ पर्याय आहे तो जिताडा. कोलकात्यात भेटकी म्हणून ज्याला मान आहे तोच हा मासा. सुरमई झोलात कोरडी पडते. बांगड्याचा स्वतःचा वास मोहरीच्या तेलाशी भांडतो. पापलेट पातळ झोलापेक्षा मोहरीच्या वाटणात जास्त चांगलं लागतं.

तेल नीट तापवा

इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. तेल पुरेसं तापलं नाही तर कच्चा झणका शेवटपर्यंत राहतो आणि घशाला लागतो. ते गॅसवर ठेवून विसरलं तर जळकट होतं. तेल मध्यम आचेवर ठेवा. गडद सोनेरी रंग फिका पडतो, पृष्ठभागावर हलका धूर दिसतो, त्या क्षणी गॅस बंद करून एक मिनिट थांबा. मग आच मध्यम करून मासा सोडा. बाटलीवर ‘कच्ची घाणी’ लिहिलेलं पाहून घ्या. रिफाइंड मोहरी तेलात वासच उरलेला नसतो आणि वास नसलेल्या तेलात केलेला झोल म्हणजे हळदीचं पाणी.

शेवटी गॅस बंद केल्यावर एक लहान चमचा कच्चं तेल वरून सोडतात, त्यानं पहिला घास खुलतो. आधी तेल धुरेपर्यंत तापवून नंतर पुन्हा कच्चं घालणं विचित्र वाटेल, पण दोन्हीची कामं वेगळी आहेत. पहिलं तळण्यासाठी, दुसरं वासासाठी.

अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत या तेलाच्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून वापरण्यासाठी’ असं छापलेलं दिसतं. बाटलीत भेसळ आहे असा त्याचा अर्थ नाही. तेलातल्या इरुसिक आम्लामुळे तिथे ते खाद्यतेल म्हणून विकता येत नाही.

तळणी: मासा चिकटतो, फुटतो, उडतो

तुकड्यांना अर्धा लहान चमचा हळद आणि तितकंच मीठ चोळून 15 ते 20 मिनिटं ठेवायचं, त्याहून जास्त नाही. तासभर ठेवलं की मिठानं पाणी सुटतं आणि ओली तुकडी कढईला घट्ट धरते. तेलात सोडण्यापूर्वी सुटलेलं पाणी फडक्यानं टिपून घ्या. तेलात चिमूटभर मीठ टाकल्यावर तडतड कमी होते, तरी झाकण हाताशी असू द्या. रुईची तुकडी उडते तेव्हा मनगटापर्यंत उडते.

एका वेळी दोन-तीनच तुकड्या सोडा. सगळ्या एकदम टाकल्या की तेल थंड होतं आणि मासा तळण्याऐवजी शिजायला लागतो. पहिली दोन-अडीच मिनिटं उलथनं लावू नका. खालची बाजू सोनेरी होऊन कडक झाली की तुकडी आपोआप सुटते. हलवून पाहिल्यावर सुटत नसेल तर ती अजून झालेली नाही, खरवडू नका. दुसऱ्या बाजूला दोन मिनिटं पुरतात. कुरकुरीत तपकिरी होईपर्यंत तळलेली तुकडी रश्शात चामट होते.

तळून झाल्यावर तेलात काळे कण साचले असतील तर तेल गाळून घ्या, पण फेकू नका. झोलाची चव याच तेलात असते.

झोल

गाळलेल्या तेलात आधी बटाट्याच्या फोडी चिमूटभर हळदीत परतून कडा लालसर करून काढा. बटाटा आणि मासा एकत्र शिजवले की बटाटा कच्चा राहतो किंवा मासा फुटतो. मग आच मंद करून कलौंजी आणि दोन चिरलेल्या मिरच्या टाका. दुकानात कलौंजीच मागा. बंगाली पाककृतीत ‘कालो जीरे’ वाचून शहाजिरं आणलं तर झोलाला पुलावाचा वास येतो.

कलौंजीऐवजी पंचफोडण घालायचं असेल तर अर्धा लहान चमचा पुरे. मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि राधुनी अशा पाच बिया त्यात असतात. राधुनी बंगालबाहेर सहजी मिळत नाही, तिच्या जागी मोहरी चालते. ओवा घालू नका, तो सगळ्यांवर चढतो. फोडणी 10-15 सेकंदांत आटपायची. आपल्याकडे मोहरी तडतडायची वाट पाहतो, तितका वेळ पंचफोडणाला दिला की मेथी काळी पडते आणि झोल कडू होतो. तो कडूपणा नंतर निघत नाही.

आलं-जिऱ्याचं वाटण आणि उरलेली हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून मगच कढईत घाला. कोरडी हळद मोहरीच्या गरम तेलात पडताच जळते. पाणी आटून कडेनं तेल दिसू लागलं, म्हणजे चारेक मिनिटांत, बटाटे आणि 600 मिली गरम पाणी घाला. थंड पाण्यानं उकळी थांबते आणि मसाला कच्चट लागतो. बटाटा बहुतेक शिजल्यावर मासा सोडा, उरलेल्या मिरच्यांना चीर देऊन घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पाच ते सात मिनिटं. यानंतर चमचा आत घालायचा नाही. ढवळायचं असेल तर कढई दोन्ही कानांना धरून गोल हलवा.

मीठ घालताना मासा आणि त्याचं तेल आधीच खारट आहे हे लक्षात ठेवा. शेवटच्या दोन मिनिटांत चाखून घाला. चिमूटभर साखर घालायची की नाही यावर बंगाल्यांचंच एकमत नाही: पश्चिमेकडचे घटी घालतात, पूर्व बंगालच्या मुळाचे बांगाल नाक मुरडतात. कांदा, लसूण आणि गरम मसाला हवाच असेल तर सरळ कालिया करा. तो पदार्थ निराळा, दाट आणि भरजरी. झोलात अर्धवट कांदा घालून दोन्ही बिघडवण्यात अर्थ नाही. गारवा पडला की झोलात फ्लॉवरचे तुरे, उन्हाळ्यात परवल किंवा कच्चं केळं घालतात. बटाट्यासारखंच तेही आधी परतून घ्यावं.

मोहरीचं वाटण: सर्वात जास्त इथेच फसतं

शोर्षे माछ, म्हणजे मोहरीच्या वाटणातला मासा, कडवट झाला म्हणजे मोहरी वाईट होती असं नाही. फेसलेली मोहरी घातलेलं लोणचं किंवा कोशिंबीर ज्या घरात होते तिथे तत्त्व ओळखीचंच आहे: मोहरी नाकात चढली पाहिजे, जिभेवर कडू लागता कामा नये. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन असतं, ते मुळात कडू. दाणा ओला करून ठेचला की त्यातलं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) सिनिग्रिनवर काम करतं आणि झणझणीत द्रव्य तयार होतं. हे विकर उष्णतेनं मरतं. म्हणून गरम पाण्यात भिजवलेली, कोरडी भाजलेली किंवा मिक्सरमध्ये सलग तीन मिनिटं फिरवून तापलेली मोहरी चढत नाही, फक्त कडू लागते.

पद्धत अशी. पिवळी मोहरी 2 मोठे चमचे आणि काळी 1 मोठा चमचा साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी निथळून दोन हिरव्या मिरच्या, पाव लहान चमचा मीठ आणि गार पाणी घालून मिक्सरमध्ये दहा-दहा सेकंद थांबून थांबून वाटा. मीठ-मिरची वाटतानाच घालायची, बंगाली घरांत यावर कुणी तडजोड करत नाही. वाटण दहा मिनिटं तसंच ठेवा, तेवढ्यात ते चढतं. मग गाळणीतून पाणी घालत गाळून घ्या, सालं वर राहतील. नुसती काळी मोहरी वापरली तर गाळणं टाळू नकाच. लोणच्यासाठी आणलेली मोहरीची डाळ घरात असेल तर तीच वापरा, तिला साल नसल्यामुळे गाळण्याचं काम वाचतं.

दही घालायचं असेल तर मोहरी चढून झाल्यावर, कारण आंबटपणा विकराला रोखतो. एक मोठा चमचा भिजवून वाटलेली खसखस घातली की धार कमी होते. सिंगापूर किंवा आखाती देशांत राहणाऱ्यांनी खसखस भारतातून सोबत नेण्याच्या भानगडीत पडू नये, तिथे ती निषिद्ध आहे. ओल्या खोबऱ्याचं वाटण तेच काम करतं.

आता शिजवणं. आलं-लसणाच्या वाटणासारखं मोहरीचं वाटण तेलात परतायचं नाही. झणका उडून जातो आणि कडूपणा मागे राहतो. दोन मोठे चमचे तापवून घेतलेल्या तेलात कलौंजी, लगेच एक वाटी पाण्यात कालवलेलं वाटण, हळद, मीठ, पहिली उकळी येताच मासा, झाकण आणि आठ-दहा मिनिटं मंद आच. पहिल्यांदा करणाऱ्यानं मात्र कढईच्या वाटेला न जाता भापा, म्हणजे वाफवलेला मासा, करावा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात मासा, वाटण, हळद, मीठ, चिरलेल्या मिरच्या आणि तीन मोठे चमचे कच्चं मोहरीचं तेल कालवा. डबा उकळत्या पाण्यात अर्धा बुडेल असा ठेवून 15 मिनिटं वाफवा आणि पाच मिनिटं न उघडता ठेवा. जळण्याचा, चिकटण्याचा प्रश्नच उरत नाही.

इलिश (हिल्सा मासा) मिळाला तर त्याला वेगळी वागणूक द्या. अख्खा असतानाच खवले काढून धुवायचा आणि मग कापायचा. कापलेल्या तुकड्या नळाखाली धरल्या की त्याचं तेल आणि वास दोन्ही वाहून जातात. तळायचाच असेल तर एका बाजूला मिनिटभर, नाहीतर कच्चाच वाटणात सोडायचा. एक किलोच्या आतला इलिश म्हणजे काटे मोजत जेवणं. परदेशात बांगलादेशी दुकानांत तो गोठवलेला मिळतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून वितळू द्या. कोमट पाण्यात घातलेल्या इलिशची तुकडी बाहेरून पिठूळ होते आणि आत बर्फ राहतो.

बिघडलंच तर

मोहरीचा रस्सा कडू झाला असेल तर दोन मोठे चमचे घोटलेलं गोड दही किंवा खोबऱ्याचं वाटण आणि पाव चमचा साखर घालून दोन मिनिटं गरम करा. पूर्ण जात नाही, खाण्याजोगा होतो. झोल बेचव पाणीदार वाटला तर कॉर्नफ्लोअर नको, बटाट्याच्या दोन फोडी कढईच्या कडेला चेपून रश्शात मिसळा. खारट झाल्यास गरम पाणी वाढवा आणि एक चमचा कच्चं तेल घाला. झोल मुळात पातळच असतो, पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही. दोई माछ (दह्यातला मासा) करताना दही फुटलं तर त्या कढईत ते पुन्हा सांधत नाही. मासा बाजूला काढून रस्सा मिक्सरमधून फिरवा आणि मंद आचेवर परत गरम करा. पुढच्या वेळी दही खोलीच्या तापमानाला आणून, अर्धा चमचा मैदा घोटून, गॅस बंद करून घाला.