85 बाय 35 : भिंतीतल्या कपाटात मावणाऱ्या फिशटँकची तयारी

दुकानातली तयार टाकी दोन फुटी किंवा तीन फुटी मिळते. आमच्या साताऱ्यातल्या जुन्या घरातलं भिंतीतलं कपाट मात्र दोन्हीच्या अधेमधे आहे. दारं काढली तर चौकटीतून 88 सेंटिमीटर मोकळे मिळतात. तीन फुटी टाकी, म्हणजे 91, तिथंच अडते आणि दोन फुटी आत केविलवाणी दिसते. मग टाकी घरीच करायची ठरली. तुमचीही अशीच अडचणीची जागा असेल, तर काच आणायला जाण्याआधी काय काय हाताशी हवं ते सांगतो.

पहिली तयारी घरातल्यांना विचारण्याची. मी टेप घेऊन कपाटाशी उभा राहिलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आणि गणपती कुठं बसवणार?" दरवर्षीची आरास त्याच कपाटात असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाण्याने भरलेली टाकी चतुर्थीपुरती उचलून बाजूला ठेवता येत नाही. गणपतीची जागा आधी ठरली, मग टेप उघडला.

जुन्या भिंतीचं माप एका ठिकाणी घेऊन भागत नाही. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यांत कमी येईल ते धरा. आमच्या कपाटाची आतली रुंदी 93 आहे, पण टाकी आत जायची ती चौकटीतून, त्यामुळे 88 हेच खरं माप. हात फिरायला थोडी जागा सोडून मी लांबी 85 धरली. कपाटाची खोली 41 आहे, म्हणून टाकीची रुंदी 35; मागे नळी आणि वायर जायला जागा राहते. उंची 40. कपाट 74 उंच असल्याने वर हात घालायला 34 उरतात. हात कोपरापर्यंत आत जाऊन तळ घासता आला पाहिजे, हे आधी रिकाम्या कपाटातच करून बघा.

आता वजन. 36 सेंटिमीटर पाणी भरलं तर साधारण 100 लिटर होतं, म्हणजे 100 किलो. 8 मिमी काच चौरस मीटरला 20 किलो भरते. या टाकीची काच 25 किलोच्या आसपास. वाळू धरून सगळं मिळून 140 किलो. कपाटाची फळी लाकडी असेल तर ती काढा. मी तिथं विटांवर कडप्पा बसवून घेतला, पाणसळ लावून. त्यावर अर्धा इंच थर्माकोल हवाच, कारण कडप्प्यावरचा वाळूचा एक खडासुद्धा तळाच्या काचेला पुरतो.

काचेची यादी घरूनच लिहून न्या, दुकानात उभं राहून हिशेब करू नका. तळ 850 बाय 350, एक. पुढची-मागची 850 बाय 392, दोन. या तळावर उभ्या राहतात. बाजूच्या 332 बाय 392, दोन. बाजूची काच 350 का नाही? तर ती पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसते. दोन्हीकडचे 8-8 मिमी वजा केले की 334, आणि सिलिकॉनला दोन्हीकडे एकेक मिमी सोडला की 332. पहिल्या खेपेला मी ही वजाबाकी विसरलो. त्या 350 च्या दोन काचा अजून जिन्याखाली उभ्या आहेत. शिवाय वरच्या काठाला आतून आडव्या लावायला 830 बाय 40 च्या दोन पट्ट्या. त्यांच्यामुळे लांब काच पाण्याने बाहेर फुगत नाही.

आणि माप मिलिमीटरमध्येच द्या. काचवाल्याचं बोलणं इंच-सुतात चालतं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 332 मिमी म्हणजे तेरा इंच आणि साधारण अर्धं सूत. तिथं ते सरळ एक सूत धरलं जातं आणि सिलिकॉनची जागा त्यातच जाते. काच साधीच घ्या. टफन केलेली नंतर कापता येत नाही. कडा मशीनवर घासून आणा, नाहीतर पहिला बळी तुमचं बोट.

सिलिकॉनबाबत कंजुषी नको. व्हिनेगरसारखा वास येणारं, शंभर टक्के सिलिकॉन, ट्यूबवर टाकीसाठी चालतं असं लिहिलेलं. बाथरूमचं बुरशीरोधक घेऊ नका, त्यातलं औषध माशांना मारतं. मुदतीची तारीख बघा. जुनी ट्यूब नीट पिकतच नाही, म्हणजे सुकून घट्ट होत नाही. या मापाला एक ट्यूब पुरते, तरी दोन आणा, कारण जोड अर्ध्यावर सोडून बाजारात पळता येत नाही आणि पिकलेल्या सिलिकॉनला नवं धड चिकटत नाही. सोबत गन, मास्किंग टेप, गुण्या, ब्लेड, ॲसिटोन आणि सुती फडकं. काचेची कड ॲसिटोनने पुसल्यावर तिला बोट लावायचं नाही. आणि काच धरायला दुसरं माणूस, घाई न करणारं.

जोडल्यावर आठवडाभर टाकी विसरा. मग अंगणात सपाट फळीवर ठेवून आधी पाव, मग अर्धी, मग पूर्ण भरा आणि दोन दिवस ठेवा. खाली वर्तमानपत्र अंथरा, थेंब पडला तर लगेच कळतो.

बाकीचं थोडक्यात. वाळू नदीची, गोल दाण्याची, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली. बांधकामावर उरलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नको. साताऱ्यात नळाचं पाणी कास तलावाचं असो की शहापूर योजनेचं, त्यात क्लोरीन असतं, तेव्हा अँटी-क्लोरीनची बाटली आणून ठेवा. थंडीसाठी 100 वॅटचा हीटर. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायला खिळा ठोका, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. मासे मात्र यादीत शेवटी: स्पंज फिल्टर चालू करून, टाकीत घाण पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे देऊन.

अंगणातली चाचणी झाली की टाकी रिकामी करूनच कपाटात सरकवा. त्याआधी मागची काच बाहेरून पुसा आणि तिच्यावर काळा कागद चिकटवा, कारण एकदा आत गेली की मागे हात पोचत नाही. माझा कागद राहिला होता. आमच्या गप्पी माशांच्या मागे अजून कपाटाचा पोपटी ऑइलपेंट दिसतो.