गंगेत घोडं न्हालं? मग लगेच या चुका करू नका

पहिली दौड जमली, पहिली उडी झाली, महिनाभर खोगीर बघून मागे सरकणारा तरणा घोडा एकदाचा शांत उभा राहिला, की आपल्याला काहीतरी करावंसं वाटतं. वाटायलाच हवं. आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. तो घोड्याच्या अंगावर ज्या तऱ्हेने येऊन आदळतो, त्याबद्दल आहे. तीन महिन्यांची मेहनत, त्याच दिवशी, त्याच रिंगणात, दहा मिनिटांत घालवणारे लोक मी पाहिलेत. त्यातली एक मी स्वतः.

"अजून एकदा!"

या दोन शब्दांनी जेवढे घोडे बिघडताना पाहिले, तेवढे चाबकानेही नाही.

घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. तुम्ही पायाने दाब दिलात, तो पुढे निघाला आणि तुमचा पाय सैल झाला. त्या सैल होण्यात त्याला "बरोबर" असं ऐकू येतं. हे सेकंदभरात घडावं लागतं, उशिरा मिळालेली शाबासकी त्याच्या लेखी दुसऱ्याच कशासाठी तरी असते. आता त्याने जिवाचं रान करून बरोबर उत्तर दिलं आणि तुम्ही तेच गणित पुन्हा समोर ठेवलंत, तर तो काय समजेल? उत्तर चुकलं.

मैना नावाची एक घोडी होती. सहा वर्षांची, अंगाने चपळ, पण जमिनीवर काठी दिसली की बुजायची. माझी एक विद्यार्थिनी तिच्यावर काम करत होती. तीन आठवडे नुसती काठी ओलांडून चालणं, मग दुडकी, मग दोन काठ्यांची फुली, जेमतेम ४० सेंटीमीटरची. एके सकाळी मैना कान पुढे करून आली आणि फुलीवरून अशी गेली, जणू जन्मभर तेच करत होती. पोरगी किंचाळली. मी म्हटलं, "अगं, व्हिडिओ राहिला! अजून एकदा."

दुसरी उडीही छान झाली. पण ऊन समोरून येत होतं, फोनमध्ये घोडी काळी ठिक्कर दिसत होती. तिसऱ्या वेळी मी जागा बदलली. चौथ्या वेळी मैनाचे पुढचे पाय काठीला लागले आणि काठी खडखडत पडली. पाचव्या वेळी घोडी फुलीसमोर थबकली आणि पोरगी थेट तिच्या मानेवर. मग घाबरून मी काय केलं? "उतर खाली, पुरे आज." तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, सैल केला, घोडीला तबेल्यात नेलं.

म्हणजे चार वेळा फुली ओलांडल्याबद्दल तिला आणखी काम मिळालं आणि एकदा अडल्याबद्दल सुट्टी. असा धडा घोडा एका फेरीत पाठ करतो. परत त्या फुलीवरून जायला मैनाने अकरा आठवडे घेतले. व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे, त्यात घोडीपेक्षा माझा अंगठाच जास्त दिसतो.

आता माझी सवय ठरलेली आहे. नवीन गोष्ट पहिल्यांदा नीट झाली की लगाम लांब सोडायचा, उतरायचं, तंग दोन भोकं सैल करायचा आणि पायी परत यायचं. तास संपायला वीस मिनिटं बाकी असली तरी. "पैसे वसूल झाले नाहीत" असं तोंड करणारे शिकाऊ असतात. त्यांना मी सांगते, आज घोड्याचे वसूल झाले. आणि घोडा अडला असेल तर तिथेच सोडून उतरू नका. त्याला हमखास येतं असं काहीतरी सोपं मागा, अगदी चार पावलं चालून थांबणंसुद्धा चालेल, आणि त्यावर दिवस संपवा.

मानेवर धपाधप थापा

स्पर्धा संपली की स्वार घोड्याच्या मानेवर ढोल वाजवल्यासारखे हात मारतात. आपल्याला ते कौतुक वाटतं. पण दोन घोडे एकमेकांना कधी थापटताना पाहिलेत? ते एकमेकांना दातांनी हलकेच खाजवतात, बहुतेक वेळा आयाळ संपते त्या खांद्यावरच्या उंचवट्याजवळ. १९९३ साली कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात याच भागाजवळ खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले. तेव्हा थापा सोडा, बोटांनी खाजवा. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की समजा, पोचलं. खोगिरावर बसल्या बसल्या हात तिथे पोचतो, त्यासाठी उतरायलाही नको.

आणि किंचाळू नका. हात हवेत फेकत "येस्स!" करताना तुमची मांड सुटते, लगाम हिसकतो आणि जे छान झालं त्याची शिक्षा घोड्याच्या तोंडाला मिळते.

बक्षीस म्हणून बादलीभर चंदी

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एवढ्या मोठ्या जनावराचं पोट फक्त ८ ते १५ लिटरचं असतं आणि घोड्याला उलटी करता येत नाही. एकदम जास्त धान्य गेलं की पोटशूळ उठू शकतो, किंवा खुरांच्या आतला भाग सुजून घोडा कायमचा लंगडू शकतो. गाजराच्या दोन-चार लांब फोडी पुरेत, गोल चकत्या नकोत, त्या घशात अडकतात. त्याही श्वास शांत झाल्यावर. आरामात असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. ते त्या बाजूला उतरेपर्यंत त्याला चालवा. सेल्फी थांबेल. चॉकलेट तर मुळीच नको, त्यातलं थिओब्रोमिन स्पर्धेच्या उत्तेजक चाचणीत सापडतं.

टक्के बघून तोंड पाडणं

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेटक्या करून घ्यायच्या स्पर्धेत, ६३ टक्के मिळाले म्हणून रडणारी मुलं बघितली की हसावं की रागवावं कळत नाही. शाळेची गुणपत्रिका आहे का ती? तिथे प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात आणि ६ म्हणजे समाधानकारक. २०१४ मध्ये वॅलेग्रो या घोड्याने फ्रीस्टाइलमध्ये (संगीतावर, स्वतः रचलेल्या हालचालींच्या फेरीत) ९४.३ टक्के मिळवून जागतिक विक्रम केला, तेव्हा सगळं घोडेविश्व हादरलं होतं. तुमचे मागच्या वेळी ५८ होते ना? मग झालं की. त्यातही, न्यायाधीशाने कशाला ५ दिले ते आधी वाचा, घोड्याला खाजवत खाजवत वाचा.

बाकीच्या, थोडक्यात

फुगे आणि कागदी कतरणी तबेल्यात आणू नका. फोटोसाठी कुणालाही घोड्याच्या बरोबर मागे उभं करू नका, शेपटीमागचं त्याला दिसत नाही. जिंकलेली फीत डोक्याजवळ फडफडली की गरीब घोडाही उधळू शकतो, ती आधी घरी दाखवून सवय करा. "आमचा दोन वर्षांचा आहे, पण उड्या मारतो बघा" असं मला कौतुकाने सांगू नका. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

आणि फक्त उडीची उंची मोजू नका. मी एक साधी वही ठेवते. तारीख, घोडा, आणि आज त्याने न मागता काय दिलं. व्हिडिओत यातलं जवळपास काहीच दिसत नाही: चढताना स्थिर उभा राहिला, तंग आवळताना कान मागे गेले नाहीत, फाटकापाशी मान खाली आली. परत परत "आमची प्रगतीच होत नाही" म्हणणाऱ्यांना मी त्यांचीच सहा महिन्यांपूर्वीची पानं उघडून देते.

मैनाच्या पानावर अकरा आठवड्यांनंतरची नोंद आहे: "फुली. एकदा. उतरलो." फोन त्या दिवशी मी मुद्दामच खोलीत ठेवून आले होते.