देव मानत नाही, पण दारू सोडायचीय? मग हे वाचा

रोज पिणारे असाल तर देवाचं नंतर बघू, आधी डॉक्टर. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भलतंसलतं दिसणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो, त्यामुळे खोलीत कोंडून घेऊन सोडायची हिरोगिरी नको. केईएम, नायर, सायन, जे जवळ पडेल तिथल्या सायकियाट्रीच्या ओपीडीत जा.

आता मुद्दा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेले गट. त्यांच्या मीटिंगला गेलं की दारू सोडायच्या बारा पायऱ्यांतल्या दुसऱ्याच पायरीत 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' येते आणि तिसरीत थेट देव, आणि सत्यनारायणाला फक्त प्रसादापुरता घरात येणारा आपल्यासारखा माणूस तिथेच भडकतो, की इथे पण भजनच का, आणि उठून जातो, आणि वाटेत वाईन शॉप लागतंच. तर उठू नका. एए १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं आणि बारा पायऱ्या १९३९ ला छापून आल्या, तेव्हाच त्यांच्यात जिम बर्वेल नावाचा कट्टर नास्तिक होता. देवाच्या पुढे 'आम्हाला जसा उमगला तसा' ही शेपटी त्याच्यासारख्यांनी भांडूनच लावून घेतली. म्हणजे तुमचा वाद पायऱ्या लिहितानाच होऊन गेलाय.

संशय घ्यायचाच तर पूर्ण घ्या ना. देवावर घेता, बाबांवर घेता, मग संध्याकाळी साडेसातला दादरच्या गर्दीत जे डोकं सांगतं "आज एकच क्वार्टर, उद्यापासून बंद" त्याच्यावर का नाही? ते आजवर किती वेळा खरं बोललंय बघा जरा. एवढं पटलं की डोक्याबाहेरचं काहीतरी धरावं लागणार हे आपोआप येतं, आणि ते काहीतरी म्हणून सुरुवातीला ती मीटिंगच पकडा, कारण तुम्हाला जो पुरावा हवा असतो तो तिथे खुर्चीत बसलेला असतो, कितीतरी वर्षं न प्यायलेला.

आणि चहाची ड्युटी मागून घ्या. खरंच. शाळेचा वर्ग, लहान पोरांची बाकं, त्यात गुडघे अडकवून बसलेली मोठी माणसं, तुम्ही किटलीतून कागदी कप भरताय आणि नवीन आलेल्याचा हात इतका थरथरतोय की त्याचा कप अर्धाच भरावा लागतो. श्रद्धा बिद्धा जे काय म्हणतात ते माझ्या मते तिथे सुरू होतं, डोळे मिटून बसल्यावर नाही.

मग स्पॉन्सर, म्हणजे एएमधलाच तुमच्या आधी दारू सोडलेला, तुम्हाला सांभाळून घेणारा माणूस. स्टेशनबाहेर पडायच्या आधी, प्लॅटफॉर्मवरूनच त्याला फोन, "उतरलो, घरी चाललोय", बास. तिसऱ्या पायरीत स्वतःला देवाच्या हवाली करायचं असतं, ती सुरुवातीला एवढीच पुरे.

शेवटी सगळे उभं राहून प्रार्थना म्हणतात तेव्हा गप्प राहिलात तरी कोणी हाकलत नाही. पुढे कधीतरी म्हणून बघा, कोणाला उद्देशून म्हणताय ते ठरवायची घाई नको. आपल्याकडे माळ घातली की दारू-मटण बंद, पण माळ घालणाऱ्या प्रत्येकानं आधी विठ्ठल आहे की नाही याचा निकाल लावलेला असतो का? आधी माळ, मग सोबतची दिंडी, बाकीचं मागनं येतं. तुम्ही माळच घाला असं नाही. सकाळी दहा मिनिटं गप्प बसा किंवा रात्री वहीत लिहा की आज कोणाशी खोटं बोललो, दोन्हीतलं एक धरा आणि मूड असो नसो करा. वीज बिज चमकत नाही, हळूहळू होतं. (श्रावण कडक पाळतो म्हणजे आपण बेवडे नाही, हा हिशोब मात्र कृपया करू नका, गटारीला काय होतं सगळ्यांना माहितीय.)

आई मंगळवारी सिद्धिविनायकाला चल म्हणाली तर जा, लाईनीत उभं राहायला आस्तिक असावं लागत नाही. फक्त तिथे 'कायमची सोडली' अशी शपथ घेऊ नका, आजचा दिवस नाही पिणार, एवढंच.

संशय जपून ठेवायचा तो लोकलच्या डब्यात 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' चिकटवणाऱ्यांसाठी. त्या पुडीत काय आहे ते कळायला मार्ग नाही, आणि डायसल्फिरामसारखं औषध न सांगता जेवणातून गेलं आणि वर माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, सगळं होऊ शकतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, त्यांच्यासाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात.

आणि विवेकवाद्यांनी व्यसनमुक्तीत पडू नये असं वाटत असेल तर, अंनिसवाल्या डॉ. दाभोलकरांनीच साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं होतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, भरती व्हायची वेळ आली तर तेही बघा. मीटिंगमध्ये कोणी स्वतःचाच देव तुमच्या गळ्यात मारत असेल तर भांडत बसू नका, दुसरा ग्रुप पकडा, मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या मीटिंगा होतात. आणि कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६, फुकट आहे.